फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा

रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात
आदल्या दिवसात एक मिळवते.
काल नव्याण्णव होता. आज तो पुसताना
डस्टर हातात जरा रेंगाळलं.
एक, शून्य, शून्य.
दुर्वांक म्हणाला, "बाई, एकाक चष्मो लागलो!"

तोरशाच्या टेंबावर दोन खोल्यांची शाळा,
चार इयत्ता, अकरा पोरं.
त्यांना सांगून ठेवलं होतं,
घरून शंभर काहीतरी आणा. विकतचं नको.
दुर्वांकने आणल्या काजूच्या बिया,
वखारीला जायच्या पोत्यातून गुपचूप काढलेल्या;
यशदाने चिंचोके;
सलोनीने नदीकाठच्या खुब्यांच्या शिंपल्या.
त्यांना अजून वास होता,
म्हणून त्या खिडकीत बसवल्या.
गौरांगने आणलं नरकासुराच्या पोटातलं गवत,
दिवाळीच्या पहाटे जळायचं राहिलेलं,
काडी काडी मोजून सुतळीने बांधलेलं.
आणि पहिलीतल्या आर्वीने कागदावर ठिपके.
मोजले तर एकशे सात.
"सात तुमकां," म्हणाली.

शिवलीलाने प्लास्टिकची पिशवी उलटी केली.
चिऱ्याचे खडे, तांबडे, खाणीवरचे.
एकोणसाठ.
मी म्हटलं, अजून एकेचाळीस हवेत गं.
"नको बाई.
मी आले त्या दिवशी फळ्यावर बेचाळीस होतं."

वर्गात फक्त पंख्याची कुरकुर.

मग मीच हजेरीपट काढला.
यशदा अठ्ठ्याऐंशी, कांजिण्या.
सलोनी त्र्याण्णव, मामाचं लग्न.
गौरांग एक्याण्णव, कारण विचारू नये.
आणि बाई? आर्वीने विचारलं.
बाई चौऱ्याण्णव.
सहा दिवस बाई मतदारयादी घेऊन
दारोदार माणसं मोजत होत्या.
पूर्ण शंभर कुणाचेच नाहीत,
एक बोंडू सोडला तर.
पहिल्या घंटेपासून तो उंबऱ्यावर आहे,
ओला, सुका, पिसवांसकट.
भाजी-पाव आणणाऱ्या सुलक्षाताईंनी साक्ष दिली,
एक दिवस चुकला नाही मेला.
शंभर लिहिलेला घोटीव कागदाचा मुकुट
सर्वानुमते बोंडूला चढवण्यात आला.
त्याने तो खाल्ला.

दुपारी पावलं मोजायला बाहेर काढलं सगळ्यांना.
दारापासून शंभर, जिथे संपतील तिथे उभं राहायचं.
आर्वीचं शंभर नळापाशीच संपलं,
दुर्वांकचं मोरीवर, तेही उड्या मारत,
माझं बसथांब्याच्या अलीकडे.
एकच आकडा, आणि रस्त्यावर
पोरं अशी विखुरलेली,
कापून नेलेल्या शेतात उरलेल्या बगळ्यांसारखी.
गणिताच्या पुस्तकात हे चित्र नाही.
शंभर म्हणजे किती लांब, हे
मलाही आजवर कुणी विचारलं नव्हतं.

शिवलीला वळणावर उभी होती, जिथून
खाणीचा कापलेला डोंगर दिसतो, पायऱ्या पायऱ्यांचा.
हात लांब करून दाखवलं तिने,
"ते निळं प्लास्टिक दिसतं ना, ते आमचं.
अजून तीन शंभर आणि थोडे."
काम शिमग्यापर्यंत आहे, तिचा बाप म्हणाला होता
नाव घालायला आला तेव्हा.
शिमग्यापर्यंत किती दिवस,
ते मी मोजलेलं नाही.

शाळा सुटली. चिंचोके, बिया, शिंपल्या
टेबलावर तशाच ठेवल्या प्रदर्शनाला.
गवताला वाळवी लागेल म्हणून बाहेर.
शिवलीला तेवढी आपले खडे
एकेक करून पिशवीत परत भरत होती.
राहू दे की इथे, मी म्हटलं.
"उद्या साठ लागतील."

फाटकाशी ती वाकली.
एक खडा उचलला, फिरवून पाहिला,
टाकून दिला.
दुसरा घेतला.