उजवा नवा, डावा जुना

सालेह चाऊसनं पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा.
गाडीचं त्याला माहीत होतं. चोवीस किलो, बॅटरीसकट.
"अन् तुमचं?"
पंक्चर काढणारी दोन पोरं
घमेल्यातल्या बुडबुड्यांकडं जरा जास्तच निरखून बघू लागली.
एकाहत्तर, मी म्हणाले. डबा, पाण्याच्या बाटल्या धरून पंचाहत्तर.
"म्हणजे शंभराला एक कमी,"
अन् माझी जुनी चकती त्यानं बोटावर गरकन फिरवली.

कडेला निळी पडली होती ती,
तव्याचा बुड पडतो तशी.

गेल्या महिन्यात म्हैसमाळ उतरताना
तिसऱ्या वळणावर लिव्हर हँडलला येऊन टेकलं,
मऊ, बासुंदीत चमचा जावा तसं.
समोर शेळ्या.
मी सीताफळीच्या झुडपात शिरले. ठरवून वगैरे नाही.
शेळ्यांमागून बाजीबा आले, काठी टेकत.
त्यांनी आधी गाडी उचलली, मग मला.
मागचं चाक फिरवलं, मोटारीवर टिचकी मारली:
"चढायला हे हाय.
मंग उतरायला काय हाय?"

ते काचेच्या कपाटात होतं, चाऊसच्या पाठीमागं.
दोन पिस्टनचं. चार पिस्टनचं.
एकशे ऐंशीची चकती, दोनशे तीनची चकती.
(रात्री घरी पट्टी घेऊन मोजलं होतं:
ऐंशीवाली म्हणजे चहाच्या ट्रेमधली बशी,
तीनवाली म्हणजे पोह्यांची.)
तेवीस मिलिमीटरचे पैसे किती, मी विचारलं.
"तेवीस मिलिमीटरचे नाहीत ताई,
तिसऱ्या वळणाचे आहेत."
गिऱ्हाईक बघून बोलतो, हे मला कळत होतं.
तरी पर्सची चेन उघडली.

मग पॅड.
रेझिनचे गप्प असतात, पण उताराला लवकर झिजतात.
धातूचे टिकतात. ओरडतात मात्र,
अन् गार असताना पहिल्या हाकेला ऐकत नाहीत.
"तुमच्या स्वभावाला कोणते?"
तीस वर्षं मी शाळेची प्रयोगशाळा सांभाळली,
आठवीच्या पोरांच्या हातून ॲसिडच्या बाटल्या काढून घेतल्या.
धातूचे दे, म्हणाले.

अडलं ते एका वायरीपाशी.
जुन्या लिव्हरमधून काळी, शेवईएवढी वायर निघते,
ब्रेक दाबला की मोटारीला सांगते: बस कर.
नव्यात ती नाही.
"मग काय होईल?"
"तुम्ही थांबाल. मोटार क्षणभर ढकलेल.
तिला उशिरा कळतं."
निवृत्तीनंतरचे पहिले तीन महिने
साडेसहाला उठून मी डबा भरत होते.
हे चाऊसला सांगायचं कारण नव्हतं. सांगितलं नाही.

मग अर्धं अर्धं केलं.
पुढं चार पिस्टन अन् पोह्यांची बशी,
मागं जुनाच ब्रेक, त्याच्या वायरीसकट, फक्त पॅड नवे.
डावा हात मोटारीला सांगणार,
उजवा रस्त्याला.
आधी डावा, केसभर आधी,
असं चाऊसनं रिकाम्या स्टुलावर बसून करून दाखवलं.

नव्या चकतीला लगेच धरता येत नाही.
सिडकोच्या मागं, प्लॉटिंगच्या डांबरी रस्त्यावर,
जिथं घरं नाहीत, नुसते खांब अन् नंबर,
वीस वेळा वेग घेतला, वीस वेळा दाबलं,
पूर्ण थांबायच्या आत सोडून दिलं.
सतराव्या वेळी ती किंचाळली.
वॉचमन खुर्चीतून उठला, परत बसला.

काल म्हैसमाळ.
पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्याला डावा, मग उजवा,
अन् गाडी उभी. चिमूटभर खडी पुढं सरकली, तेवढीच.
रस्त्यावर शेळ्या नव्हत्या. बाजीबाही नव्हते.
झुडपाची माझ्या बाजूची फांदी अजून मोडलेलीच,
पलीकडच्या फांदीवर एका सीताफळाचे डोळे उघडलेले.

चकतीतून ऊन वास येत होता.
बाटलीतला पाण्याचा एक थेंब तिच्यावर सोडला.
चर्र.
असं अजिबात करायचं नाही,
हेही चाऊसनं बजावून सांगितलं होतं.