चार-चार

दुपारी दोनला वामन मुनीम घोरू लागले
की सातऱ्याच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर बर्फ पसरतो.
पांढराफट्ट. मे महिन्याच्या भिवापुरात
एवढं पांढरं दुसरं काही नाही.

एका कीबोर्डावर चौघं:
डावीकडे झनकलाल, उजवीकडे उईक्यांची सुरेखा,
मधे मी आणि लोमेश, कोपरात कोपर.
सकाळपासून मिरचीचे देठ खुडलेली बोटं
अजून पेटलेली,
आणि पडद्यावर हेल्मेटवाले गडी
घसरतात, धडकतात,
चकती सुसाट.

"पास दे ना बे!"
"थांब, माहा डोया झोंबून राह्यला."

गोलात सुरेखा. ती हलतच नाही.
बकऱ्यांपासून वाळवण राखलंय तिनं,
कुठून तोंड घालणार ते तिला आधीच कळतं.

आम्ही पाहिलेला बर्फ
गोळेवाल्याच्या पोत्यातला, भुशात लपेटलेला.
त्यावर माणसं धावतात म्हणे.
मानलं, बस्स.

चार-चार. शेवटची सात सेकंदं.
लोमेशनं मारली, चकती हवेत
आणि कूलर थांबला.
लाईन गेली.
काळ्या काचेत आमचीच चार तोंडं, घामेजलेली.

संध्याकाळी मुनीम पावती टाईप करता करता
डोळे चोळतात,
पुन्हा चोळतात,
मग वाकून
कीबोर्डाचा वास घेतात.