शेरा

एकोणीस युनिट.
मशीन शर्टाला पुसून पुन्हा रीडिंग घेतलं.
मे महिना, सिंदेवाहीपासून नऊ किलोमीटर आत,
हेल्मेटमध्ये डोकं शिजलेलं,
आणि गेडाम सिस्टरच्या घरी महिन्याचे
एकोणीस युनिट.

शेजारी स्लॅबवर पाइप सोडून ठेवलाय,
पाणी चरचरतं, कूलर ढणाणतात,
इथं मीटरचा लाल ठिपका
लुकलुकावं की राहू द्यावं
अशा विचारात.

मला संशय घ्यायचा पगार मिळतो.
आधी वर पाहिलं, आकडा टाकलाय का.
तारेवर एक कोतवाल पक्षी, बाकी काही नाही.
सील पाहिलं. शाबूत.
"या ना जी आत," सिस्टर म्हणाल्या,
आणि आत म्हणजे कुठं ते मला कळेना.

छपरी संपते तिथं भिंत हवी होती. नव्हती.
ओटा निम्मा कवेलूखाली, निम्मा कडुनिंबाखाली,
बाजेचे दोन पाय फरशीवर, दोन शेणानं सारवलेल्या मातीत.
पश्चिमेला मात्र जाड भिंत,
बोटानं वाजवली तर पोकळ बोलली.

"झिबल मिस्त्रीनं विटा उभ्या लावल्या,
मधात हवा कोंडली.
ऊन भिंतीत शिरते, मधातच अडकते,
तेवढ्यात संध्याकाळ होते."

वर कवेलू दुहेरी, दोन थरांत वीतभर फट.
पूर्वेच्या जाळीतून उजेड येत होता, ऊन येत नव्हतं;
या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात
हे खात्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"लोक हसले. म्हणे, पगार असून कवेलू?
म्हणे, सिस्टरनं घराले कपडेच नाही घातले."

खांबाला थर्मामीटर, उपकेंद्राच्या जुन्या फ्रिजमधला.
अंगणात शेहेचाळीस. बाजेजवळ चौतीस.
"एकवीस वर्षं लशी थंड ठेवल्या," त्या म्हणाल्या,
"म्हटलं, आता माणूस ठेवून पाहू."

पावसाळ्यात?
"ओटा भिजते. मी सरकते."
साप?
"येते कधी. जाते बी."
मग घर संपतं कुठं?
त्यांनी विळीवरून मान वर केली.
"बकरी जिथून हाकलतो ना, तिथून घर."

मशीननं विचारलं, वापर कमी, शेरा निवडा :
दार बंद. मीटर बंद. चोरीचा संशय. इतर.
'इतर' दाबलं.
रिकामी चौकट उघडली, तीस अक्षरांची.
'भिंत पोकळ आहे' लिहिलं, खोडलं.
'निंब' लिहिलं.
साहेबाचा चेहरा आठवला, तेही खोडलं.

बत्तीस मीटर बाकी होते.
सिस्टर कोणाचं तरी बाळ पाहायला
सांदवाडीच्या वाटेनं निघून गेल्या,
कुलूप लावायला काही नव्हतंच.
पाठीवरचा घाम वाळून शर्ट हलका झाला होता.
बकरी हळूच ओट्याकडे निघाली,
विळीजवळची भाजी तिनं हेरलेली.

इकडंतिकडं पाहिलं. कोणीच नाही.
मी उठलो.
हुर्र, म्हणालो.