सहावी रेघ

लॉस्ट मिटन नावाचा ओढा
मोन्टाना राज्यात पाच जागांवरून वाहतो.

महामार्गवाल्यांकडे तो मोरीखालून जातो, सरळ,
पट्टी लावून आखल्यासारखा.
मत्स्यखात्याकडे त्याला एकशे दहा वळणं,
कारण तिथल्या मॅरिटने तो दर सप्टेंबरला
गुडघाभर पाण्यातून चालून काढलाय, ट्राउट मोजत.
महसुलात तो १९११ साली होता तिथंच आहे,
'कॉटनवुडच्या खुंटापासून उत्तरेस चाळीस साखळ्या'.
खुंट कधीच कुणाच्या तरी चुलीत गेला.
वणवाखात्याकडे तो नुसता ठिपका:
इथं टँकर भरतो.
आणि आपत्तीवाल्यांकडे तो अजून आलेलाच नाही.
येईल शंभर वर्षांतून एकदा,
तेव्हा एवढा रुंद येईल, निळा, पारदर्शक.

फेब्रुवारी. हेलेना. तळघरातली बैठकीची खोली.
बाहेर उणे सव्वीस.
अकरा वर्षं भिजत पडलेलं घोंगडं
विधिमंडळाने एका ओळीत पिळायला काढलं होतं:
नकाशा एक, सर्व्हर एक, जूनअखेर.

मी पाचही थर भिंतीवर एकावर एक ठेवले.
ओढा कसला, झोपेत विस्कटलेली वेणी.
पूल कोरड्यात उभा.
एका भल्या माणसाचं घर, कर वेळेवर भरलेलं,
भर प्रवाहात.

मग सुरू झालं.
बांध कोरणारे भाऊ परवडले,
ते निदान एकाच शेतात उभे राहून भांडतात.
ड्वेन स्टिकनी शेवटी बोलला, वणव्याचा माणूस.
"ऑगस्टात तुमच्या नकाशावरच्या मिल रोडला माझी गाडी गेली.
आग दुसऱ्या मिल रोडवर होती. सतरा मैल."
आवाज चढवला नाही त्याने.
महामार्गाच्या हाउगेनबाईंनी चष्मा पुसला.
बराच वेळ पुसला.

नियम साधा ठरला: दोन खात्यांनी पाहिलं ते खरं.
एकट्यानेच पाहिलं ते पडद्यावर लाल,
आणि लाल ते वगळायचं.
चार हजार लाल निघाले. रोज दोनशे पुसायचो.
हात बसला होता.

एप्रिलात एक ठिपका आला,
महामार्गाचा, एकतिसाव्या मैलापाशी.
वर्णनात दोन शब्द: 'कापू नका'.
काय कापू नका? पुढचे रकाने रिकामे.

"ते आर्लोचं," हाउगेनबाई म्हणाल्या.
"गवत कापायचं यंत्र चालवायचा. हट्टाने नोंद करून घेतली.
कारण विचारलं नव्हतं कुणी."
आता विचारायची सोय नव्हती.

शनिवारी गेलो, माझ्याच गाडीने.
थडग्याच्या तयारीने गेलो होतो, खरं सांगायचं तर.
कुंपण नाही. दगड नाही.
लायलॅकचं झाड, माझ्याहून उंच,
कळ्या अजून मुठी आवळून.
शेजारी जमिनीत चौकोनी खळगा,
एका घराएवढा,
जे महसुलाला कधी ठाऊकच नव्हतं.
कुणीतरी दारापाशी लावलेलं झाड.
दार गेलं.
आणि एक माणूस दर उन्हाळ्यात इथं येऊन
पातं उचलून, वळसा घालून, पुढे जात राहिला.

पाण्याचा आवाज येत होता.
फोन काढून पाहिलं, पाचांपैकी एकाही रेघेवर
ओढा नव्हता.
बर्फ वितळलं होतं. त्याने सहावी काढली होती.

सोमवारी ठिपका ठेवला.
दुसरा साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं,
ज्याची त्या रकान्यात परवानगी नाही.
'मालक खातं' रिकामं सोडता येत नाही,
यादीतून मत्स्य निवडलं
आणि मॅरिटला फोन केला.

बरं, म्हणाली ती,
मी जातेच की त्या बाजूने.