भोंगा

सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाईंनी आत्याला तीन शब्द दिले:
कमळ, खुर्ची, रेल्वे.
पाच मिनिटांनी परत मागितले.
आत्या म्हणाली, मी कुणाचं काही ठेवून घेत नसते.

मग घड्याळ काढायला सांगितलं.
आत्यानं गोल काढला, गोलात तीनच आकडे,
सात, साडेतीन, बारा.
मध्ये कोरं.
फायलीत नोंद झाली: अपूर्ण.
मी सांगायला हवं होतं, की गजरा तळभंडारेनं
एकतीस वर्षं एवढंच घड्याळ वापरलं,
वाइंडिंग खात्यात, भोंग्यावर.
नाही सांगितलं. मागे रांग मोठी होती.

मागच्या साली समाजमंदिरात शिबिर झालं.
पांढऱ्या कपड्यांतले सर, गुंडाळलेल्या निळ्या मॅट.
पहिल्याच दिवशी म्हणाले, कांदा-लसूण सोडा,
मटण तर सोडाच, बुद्धी सात्त्विक होते.
दुसऱ्या दिवशी सर आले आणि मॅट आल्या.

आता मी घेते. मंगळवार, शुक्रवार,
पत्रा तापायच्या आत.
बायका घरची चादर आणतात, काठ उसवलेली.
आसनांची नावं येतात मला, परीक्षा दिलीय,
पण ताडासन म्हटलं की सोजरमावशी दाराकडे बघते,
आणि 'वरच्या फळीवरची बॉबिन काढ' म्हटलं
की टाचा आपसूक उचलतात.

श्वासाचं शिकवायला लागले त्या दिवशी
आत्या मध्येच बोलली, तिच्या बापाचं.
त्याला साच्यावर कधी घेतलं नाही.
धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा,
आणि ह्याच्या ओठाचा धागा
आपल्या ओठाला कुणी लावायचा?
"निम्मा पगार गेला बघ त्या श्वासापायी," आत्या म्हणाली,
"आन् तू त्योच फुकट वाटायलीस व्हय गं?"
कुणी हसलं नाही.
मग सगळ्याच हसल्या, खोकला येईपर्यंत.
वार कुठला ते तिला सांगता आलं नसतं त्या दिवशी.

शेवटी कान झाकायचे, ओठ मिटायचे,
घशातल्या घशात घुमवायचं.
पुस्तकात त्याला भुंग्याचं नाव आहे.
मी म्हटलं, भोंगा वाजवा.

सतरा बायका.
आधी लाजत, एकमेकींच्या आडून,
मग पत्र्याला कंप सुटला,
भिंतीवरचा डोळे मिटलेला बुद्धही
खिळ्यावर जरा हलला असेल.
शेजारी शेंगाचटणी कुटणारा हात थांबला.
रस्त्यावर एक म्हातारा सायकलवरून उतरला
आणि चिमणी होती त्या बाजूला बघत राहिला.
तिथं आता पार्किंग आहे.

मेंदूचं ह्यानं काय होतं, मला नक्की ठाऊक नाही.
डॉक्टरीणबाई म्हणतात, चालू ठेवा, माणसांत ठेवा.

आत्यानं डोळे उघडले, चप्पल शोधू लागली.
डबा कुठाय माझा?
पाळी सुटली आत्या, भरली नाही.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
नाव जिभेपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं.
मग माझ्या ओढणीचे दोन सुटलेले दोरे
तिनं चिमटीत धरले, एकदाच वळले,
आणि सांधले असे
की घरी येऊन उजेडात धरली ओढणी,
तरी जागा सापडेना.