मातीचं काय करायचं

चौकटीच्या वहीत मी तळं काढलं.
तीस बाय वीस, खोली तीन मीटर,
काठाचा उतार एकास दीड,
कोपऱ्यात बाण, बाणावर उ.
पेन्सिलीला टोक करून पाणीसुद्धा भरलं
आडव्या बारीक रेघांनी.

झिबल नान्हे वही उलटी धरून बघत राहिला.
जाळी विणून विणून वाकलेली बोटं
रेघांवरून फिरवली, कोरडी आहेत का बघावं तशी.
म्हणाला, "पान्याले इचारलं का, बाई?"

मग आम्ही चाललो.
तो पुढे, मी मागे,
तिसऱ्या बांधीपासून कहूच्या झाडापर्यंत.
धुऱ्यात खेकड्यांची बिळं दाट झाली
तिथे तो उकिडवा बसला,
ढेकूळ फोडलं, थुंकी लावून वळी केली
करंगळीएवढी. वाकली, तुटली नाही.
"इथं."
ती जागा माझ्या नकाशात नव्हती.
पानाच्या समासात होती.

साकोलीहून इर्शादचा जेसीबी आला.
सकाळी गुडघाभर, जेवणवेळेला कमरेभर,
सांजेला फक्त इर्शादची टोपी दिसत होती
आणि शेजारी, तेवढाच, ढीग.
हे मी काढलंच नव्हतं.
बाराशे घनमीटर पोकळी लिहिली होती,
बाराशे घनमीटर माती लिहायची राहिली.

"कुठं टाकू?" इर्शादनं इंजिन बंद करून विचारलं.
एवढं शांत शेत मी तोवर ऐकलं नव्हतं.

पाळ झाली, धुमसली, सांडव्याला दगड लागले.
तरी उरलीच.
मुरूम लंज्यांच्या अंगणात गेला,
काळी माती अनुसयाबाईंच्या वांग्यांत,
तीन ट्रॉल्या स्मशानाच्या रस्त्यावर,
चिकण तेवढी घमेल्या-घमेल्यानं बायांनी नेली
चुली घालायला.
एक ट्रॉली शाळेत, घसरगुंडीखाली,
पोरं पडतात तिथे.
आता गावात कुठेही जा,
तळ्याच्या जागचं काहीतरी पायाखाली येतं.
भाकरीलासुद्धा कधीकधी.

ऑगस्टात भरलं. दसऱ्याला तळ दिसला,
भेगाळलेला, वर एक चप्पल.
कृषी सहायक म्हणाले, प्लास्टिक अंथरा.
दीर म्हणाले, मी बोललोच होतो,
आणि काय बोलले होते तेही पुन्हा बोलले.
झिबल म्हणाला, "म्हशी आना."

सुखराम नेवारेच्या सतरा म्हशी,
चार दिवस,
पंपानं भिजवलेल्या तळात गोल गोल गोल.
मीही ओचा खोचून उतरले.
चिखल पाय धरतो, सोडतो,
सोडताना कुणीतरी ओठ चाटल्यासारखा आवाज.
म्हशी मला चुकवून जात होत्या,
कामावर नवीन आलेल्या बाईला चुकवावं तशा.
चौथ्या दिवशी झिबलनं टाच रोवून पाहिली.
टाचेच्या खळग्यात पाणी साचलं
आणि दुपारच्या चहापर्यंत साचूनच राहिलं.
तो हसला नाही. चहा मात्र दुसऱ्यांदा मागितला.

यंदा पौष लागला तरी पाणी आहे.
मी कुणालाच बोलावलं नव्हतं:
दिवड आला, बेडूक आले,
कमळाचं एक पान कुठून आलं त्याचा पत्ता नाही.
रोहूची पिल्लं झिबलनं सोडली, अर्धी त्याची,
अर्धी कुठली ते मासेच जाणोत.
वहीतलं तळं अजून आहे,
काटकोनात, गळत नाही, आटत नाही,
त्यात एकही बेडूक नाही.

काठाशी मी बांबू रोवलाय, बोटाबोटाच्या खाचांचा.
रोज सांजेला वाकून बघते.
या आठवड्यात चार बोटं उतरलं.
"दोन उन्हाचे," झिबल म्हणतो, "एक म्हशीचा."
आणि चौथं?
तो जाळं झटकतो, खांद्यावर टाकतो,
पाळेवरून चालू लागतो.