खोबरेल

इंदूरहून हिनोसेला जायला
दोन विमानं, तीन आगगाड्या,
आणि शेवटी एकच डबा,
ज्यात चालक, मी,
आणि मुळ्यांची पिशवी मांडीवर घेतलेली एक बाई.

पिशवीतून पाला बाहेर लोंबत होता.
तेवढ्यावरून मला धीर आला.
पाला टाकून न देणारी माणसं
पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत.

परतल्यावर छप्पन दुकानापाशी, स्कूटर टेकवून,
हेरंब विचारतो : खाल्लंस काय?
नदीतला मासा, म्हटलं, काडीवर ओवलेला,
मीठ फासून निखाऱ्यांशी उभा केलेला,
शेपटी अशी वळलेली, की अजून पोहतोय.
एक खारवलेलं फळ,
ज्यानं माझा उजवा डोळा आपोआप मिटला.
सकाळी भात, आणि धुरकट, पांढुरकी आमटी.

पोहे?
नाहीत रे.
मग भिया, सकाळी करतात काय ते लोक?
गप्प बसतात.
यावर हेरंबला काही सुचलं नाही,
त्यानं अजून एक जिलबी मागवली.

माझी शेवेची पुडी मी पहिल्याच रात्री उघडली.
घरमालकीण नोझावाबाईंनी ती भातावर भुरभुरली,
चावताना झालेला आवाज ऐकून
स्वतःच दचकल्या,
मग पुन्हा भुरभुरली.

उत्सव दुसऱ्या दिवशी होता.
रथ लाकडाचा, दुमजली, वर कागदी कंदील,
आणि ओढायला एकूण एकतीस माणसं,
त्यातली नऊ सत्तरीच्या पुढची.
पोरं सगळी ओसाकाला.
कुरामोची आजोबांनी दोरी दाखवली,
बोटं मोजली, मान हलवली,
आणि मग माझ्याकडे बोट केलं.

निळा डगला माझ्या गुडघ्यांपर्यंत आला.

मी परदेशीपुऱ्याची.
बाबा मिलच्या झाँकीत शेषनाग फिरवायचे,
मागमोडीतल्या दातेरी चाकावर,
पाच फण्यांचा, डोळ्यांत बल्ब.
अनंत चतुर्दशीच्या रात्री मी त्याच्या पोटाखाली बसायचे,
तेलाचा डबा धरून.
कुरकुरला की घाल, एवढंच काम.
मिल बंद झाली तरी चार-पाच वर्षं
बाबांचे हात झोपेत काहीतरी फिरवायचे.

तर तांदळाच्या कोठाराच्या वळणावर
हिनोसेचा रथ अडला.
एकतीस अधिक एक माणसं ओढतायत,
आणि डावं मागचं चाक रडतंय.
कुणी मंत्र म्हणालं, कुणी शिव्या दिल्या असाव्यात.
मला फक्त चाक कळलं.

तेल, म्हटलं. तेल.
मराठीत म्हटलं, हिंदीत म्हटलं, हातानं म्हटलं.
शेवटी धावत गेले,
बॅगेतली खोबरेलाची बाटली काढली.
ऑक्टोबरची डोंगरातली थंडी,
तेल दगड झालेलं.
मासेवाल्याच्या निखाऱ्यावर बाटली धरली,
एक बाजू वितळून वाकडी झाली,
पण तेल सुटलं.
चालत्या रथाखाली वाकायची सवय होती,
हा तर उभाच होता.

रथ निघाला.
सगळ्या गल्लीला वास सुटला
रविवारी सकाळी न्हायला बसलेल्या पोरींचा.
नोझावाबाईंनी नाकाला हात लावला
आणि इतक्या हसल्या
की दोरी सुटली त्यांच्या हातून.

हे मी हेरंबला सांगितलं नाही.
बाबांना सांगायचं राहून गेलं,
ते त्याच्या दोन वर्षं आधीच गेले.

काल पत्र आलं. नोझावाबाईंच्या नातीनं
इंग्रजीत लिहून दिलेलं.
यंदा रथ बाहेर काढला नाही, माणसं पुरली नाहीत.
कुरामोची आजोबा दर रविवारी
शेडमध्ये जाऊन तो हातभर पुढे ढकलतात,
हातभर मागे.
चाक आवाज करत नाही, असं कळवायला सांगितलंय.

आज पोस्टात विचारून आले.
काउंटरवरचा म्हणाला, तेल जात नाही बाई,
गळतं.
शेव जाते.
मग अर्धा किलो लवंगाची घेतली,
दुहेरी पिशवीत बांधून.